कॅप्टन खेकडा अजून बोगद्यातच

"जितेंद्रकाका आधी माफी मागतील, मगच सुपारी फुटेल," अभिनव म्हणाला, आणि होणाऱ्या सासऱ्यांच्या, म्हणजे काकांच्याच, हातातला पेढा हातातच राहिला.

माफी कसली, ते नवघरच्या त्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ होतं. आठ वर्षांपूर्वी टीव्हीवर दर रविवारी सकाळी 'कॅप्टन खेकडा' नावाचं कार्टून लागायचं. कॅप्टन आडवा चालायचा, त्यामुळे प्रत्येक संकटाला उशिरा पोचायचा. तरी पोरं त्याच्यावर जीव टाकायची. एका रविवारी तो अरुंद बोगद्यात अडकला, पाणी गळ्याशी आलं आणि 'पुढील भागात' अशी पाटी आली. पुढच्या रविवारी नेमक्या त्याच वेळेला सेक्रेटरी जितेंद्रकाकांनी पंप दुरुस्तीसाठी बिल्डिंगचा मेन स्विच पाडला. त्यानंतरच्या रविवारी कॅप्टनच्या जागी भेंडीवरची कीड दाखवत होते. म्हणजे शेवटचा भाग काकांनीच गिळला! तेव्हापासून अभिनवने त्यांच्याशी अबोला धरला होता.

"अरे, टाकी कोरडी पडली होती!" काका कळवळले.

"टाकी भरली हो. पण तो जगला की मेला?"

"शेवटचा भाग नव्हताच," काकांची लेक निशिगंधा पोह्यांच्या बश्या ठेवत म्हणाली. "त्या रविवारी मी तारोडीला मामाकडे होते. तिकडे लाईट होती. तेव्हाही भेंडीच लागली होती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आधी तू आमच्या घराशी बोलत नव्हतास. मग माझ्याशी बोलायला लागलास, तेव्हा हा विषय काढायचा नाही असं तूच बजावलंस."

अभिनवला रागवायला माणूसच उरला नाही. काकांना मात्र आता कंठ फुटला. "आठ वर्षं मी जिन्यातून चोरासारखी ये-जा केली! पंप अर्धवट टाकून, स्विच चालू करून वर धावत आलो होतो, तोवर वेळ टळली होती. का धावलो? मलाही बघायचं होतं म्हणून! काय नालायक लोक आहेत हे टीव्हीवाले! म्हणजे तो अजून पाण्यातच?"

"आठ वर्षं," अभिनव दात ओठ खात म्हणाला.

काकांनी पेढा परत ताटात ठेवला. "माणूस बुडतोय आणि आपण इथे पेढे खायचे? शोभतं का? लग्नाचं मागाहून बघू."

निशिगंधाने वरवंटा उचलला. "तो आडवा चालतो, बाबा. उशिरा का होईना, पोचेल."

"पाणी गळ्याशी आलंय!" सासरे-जावई एका सुरात ओरडले.

तेवढ्यात तिने सुपारी फोडली.