चार तारांचा मुका बाजा

दहा महिन्यांनी रशियाहून परत आलेला पोरगा दुर्ग टेसनावर उतरतो, समोर माय उभी असते, आणि तिला जय भीम घालायच्या आधी तो हमालाला सांगतो, "भैया, इसको सुलाना मत, खडी पकडना." याला काय म्हणावं? त्या मायनं, पंचफुलाबाईनं, ही गोष्ट भिलाईतल्या सेक्टर सहाच्या नळावर सांगितली, रेशनच्या रांगेत सांगितली, बाजारात भाजी निवडता निवडता सांगितली. ऐकणारीला आधी वाटायचं, देवीदासनं रशियाची मडम आणली. मग पंचफुलाबाई खुलासा करायची, की मडम आणली असती तर तिला निदान भाकर थापायला तरी शिकवली असती. यानं आणली माणसाएवढी काळी पेटी, आणि पेटीत बाजा.

पोलादाच्या कारखान्याच्या रोलिंग मिलमधले बारा जण शिकायला गेले होते. ज्या गावी गेले त्याचं नाव पंचफुलाबाईच्या जिभेवर कधी बसलं नाही. पण कोणी काय आणलं, ते तिला तोंडपाठ होतं. हिरालालनं कॅमेरा आणला. शेजारच्या गिरजाबाईच्या नवऱ्यानं शिवणाची मशीन आणली, आणि गिरजाबाईकडे शिवायला काही नसलं तरी ती दुपारी तास-दोन तास खडखडायचीच. देवीदासनं मात्र जुन्या मालाच्या दुकानातून हा लाल रंगाचा, लांब मानेचा बाजा उचलला. बास गिटार म्हणतात, असं तो म्हणाला. चार तारा, एकेक सुतळीएवढी जाड.

"वाजव मंग," माय म्हणाली.

त्यानं वाजवला. डास कानाजवळून गेला तर याच्यापेक्षा मोठा आवाज करतो. धाकटी बहीण कांता फिस्सकन हसली. देवीदासनं ओशाळून सांगितलं, की हा विजेवर बोलतो, त्याला एक वेगळी पेटी लागते, ती फार जड होती म्हणून जहाजात घेता आली नाही. मुंबईच्या बंदरावरही असंच झालं होतं. कस्टमवाल्यानं वाजवून दाखव म्हटलं, यानं दाखवलं, आणि त्या माणसानं कीव करून जाऊ दिलं.

पंचफुलाबाईनं तोंडावर खूप बोलून घेतलं, की जहाजात घालून मुकं लेकरू आणलं. पण पोटातून तिला बरंच वाटलं. मुका आहे तोवर चिंता नाही.

कारण तिला बाजाचीच भीती होती. गोंदियाकडच्या त्यांच्या गावात पाटलाच्या घरी लग्न निघालं, की तिच्या नवऱ्यानं, चंपतनं, डफडं घेऊन जायचं. वरातीच्या पुढं चालायचं, मांडवाच्या बाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं, आणि सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं बायकोनं पदरात घेऊन यायचं. छप्पन्न साली चंपत नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि त्यानं डफडं चुलीत घातलं. पुढच्या वैशाखात पाटलाच्या पोरीचं लग्न होतं. चंपत गेला नाही. मग गावानं काम बंद केलं, पाणी बंद केलं, आणि पंधरा दिवसांत नवरा-बायको दोन पोरं घेऊन भिलाईला आले. तेव्हा इथं कारखान्याचा नुसता पाया खणणं चालू होतं. चंपत खणायचा, ती माती वाहायची. भट्टीतून पहिलं लोखंड निघालेलं चंपतनं डोळ्यानं पाहिलं, मग तीन वर्षांनी तो गेला. त्याच मातीवर पोरगा शिकला, मिलमध्ये लागला, कंपनीचं क्वार्टर मिळालं, सरकारनं त्याला परदेशी पाठवलं. आणि तिथून आणलं काय, तर बाजा.

मार्चमध्ये हिरालाल घरी आला. तो मिलचा इलेक्ट्रिशियन, रायपूरकडचा, डोकं तेज. त्यानं बाजा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, रेडिओच्या पाठीमागं ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात, त्यात याची वायर घातली की रेडिओच याचा आवाज बनेल. दोघांनी वळून कोनाड्याकडं पाहिलं. कोनाड्यात रेडिओ होता. त्यावर कांतानं भरलेला रुमाल होता. तो रेडिओ चंपतच्या मागं आलेल्या पैशातून पंचफुलाबाईनं घेतला होता, आणि तिच्याशिवाय त्याचा कान पिळायची कोणाची छाती नव्हती.

देवीदासनं विचारलं. चौदा एप्रिलला सेक्टरच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम आहे, कांता आणि तिच्या मैत्रिणी गाणार आहेत, त्यांच्यामागं वाजवायचं आहे, पंधरा दिवस सरावाला रेडिओ पाहिजे.

पंचफुलाबाई नाही म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "तुह्या बापानं जे जाळलं ते तू बोटीत बसवून घरी आणलं."

मग चार दिवस एकच चाललं. देवीदास ड्युटीवरून यायचा, मुका बाजा मांडीवर घ्यायचा आणि त्याच्या लाकडाला कान लावून बोटं फिरवायचा. हे पाहणं तिला बोलाचालीपेक्षा जड गेलं. पाचव्या दिवशी ताटावर बसला असताना तिनंच विषय काढला. हे खूळ शिकवलं तरी कोणी?

यूरी नावाच्या माणसानं, देवीदासनं सांगितलं. भट्टीवर काम करतो. त्यांच्या कारखान्याचा मोठा हॉल आहे, रविवारी कामगारच तिथं गातात-वाजवतात.

"तो यूरी वाजवते तवा उभा कुठं राह्यते?"

"स्टेजवर, माय. वर."

"आन साहेब लोक?"

"खाली खुर्च्यांवर बसून ऐकतात. मोठा डायरेक्टरही येतो."

तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली, वरून आणखी वाढली. मग विचारलं, "जेवला कुठं तो?"

देवीदासचा घास हातातच थांबला. माय काय विचारून राहिली, ते त्याला आता समजलं. "सगळ्यांसंगं," तो हळू म्हणाला. "एकाच टेबलावर. मी पण होतो. डायरेक्टरनं मले पाव दिला, मी त्याले मीठ दिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवरचा रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला होता.

हिरालालनं वायर जोडली. पंचफुलाबाई रेडिओजवळच बसली, तिचा माल होता. देवीदासनं जाड तार ओढली, आणि फडताळावरचे पेले थरथरले. गिरजाबाई मशीन सोडून धावत आली, मिलमध्ये काही पडलं काय म्हणून. पंचफुलाबाईनं तिला बसवलं आणि कारण नसताना चहा पाजला.

मग कांतानं बाबासाहेबांचं गाणं धरलं. देवीदास तिच्या आवाजाखाली वाजवत होता, गाण्याच्या पुढं धावत नव्हता. डफड्यासारखा हा बाजा लोकांना हाका मारत नव्हता. ओझं डोक्यावर असताना मागून कोणी हात द्यावा, तसं काहीतरी तिला वाटलं. पण तसं कबूल करायची तिला सवय नव्हती.

ही वार्ता सेक्टरभर पसरली, आणि एप्रिलच्या पहिल्या हप्त्यात भय्याजी सायकल लावून दारात उभा राहिला. सेक्टर दहामधल्या, मिलच्या मोठ्या साहेबांच्या घरची बारकीसारीक कामं तो पाहायचा. साहेबांच्या मुलीचं लग्न आहे, त्यानं सांगितलं. बँडवाले तर आहेतच, पण रशियाचा बाजा कोणाच्या लग्नात वाजला नाही. वरात आली की लडक्यानं गेटजवळ उभं राहून वाजवायचं. साहेब खूश होतील, प्रमोशनचंही पाहतील. "और खाना तो रहेगाच, चाची. बादमें सबका हो जायेगा तो आरामसे."

पंचफुलाबाईच्या हातातलं सूप थांबलं. जिभेवर इतकं आलं होतं, की भय्याजी सायकलसकट पार भिलाई-तीनच्या वस्तीपर्यंत पळाला असता. पण हे उत्तर तिनं द्यायचं नव्हतं. तिनं फक्त पोराकडं पाहिलं. प्रमोशनची वाट तो दोन वर्षांपासून पाहून राहिला होता, तेही तिला माहीत होतं.

देवीदासनं बाजा खाली ठेवला, उठून दारात गेला आणि भय्याजीला बसायला वेताचा मोडा दिला.

"गेटपर नही बजाता, भय्याजी," तो शांतपणे म्हणाला. "साहब को मेरी तरफसे बोलना, चौदा तारीख को शाम को हॉल में आयें. सामने की कुर्सी रखूंगा उनके लिये. बाद में खाना है, सब साथ बैठेंगे."

भय्याजीनं एकदा त्याच्याकडं, एकदा म्हातारीकडं पाहिलं, बरं म्हणाला आणि निघून गेला. साहेब येतील की रागावतील, ते कोणालाच माहीत नव्हतं. कांता दाराआड उभी होती. देवीदासचे कान लाल झाले होते. तो मायच्या बोलण्याची वाट पाहत होता.

पंचफुलाबाईनं दोन सुपं तांदूळ पाखडून होईपर्यंत त्याला तसंच उभं ठेवलं. मग मान वर केली.

"टेसनावर मले विसरला होता, ते मी मरेपर्यंत लोकायले सांगीन, सोडणार नाही. पण आज जे बोलला ते तुह्या बापाच्या तोंडचं होतं. रेडिओ ने हॉलमध्ये. जपून ने, आन आडवा पाडू नको."