पुढे म्हणजे कुणाच्या पुढे

संस्थेत तिला भविष्यवाली म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावरच. आणि तिचीही हरकत नव्हती, कारण नेमणूकपत्रातलं पदनाम याहून लांब होतं आणि ते तिच्या सख्ख्या सासूलाही नीट सांगता आलं नव्हतं.

काम मात्र सांगण्यासारखं होतं. एका जीवाणूच्या पोटात चार हजार जनुकं. सगळी एकदम चालू राहिली तर बिचारा दमून मरेल, म्हणून गरजेपुरती चालू, बाकीची बंद. हा कारभार काही प्रथिनं बघतात. त्यातलं एक संस्थेचं लाडकं. त्याला सगळे चौकीदार म्हणत. चौकीदार डीएनएवर जनुकाच्या तोंडाशी किंवा तोंडाच्या जरा पुढे बसला, की वाट अडते आणि जनुक बंद. तोंडाच्या जरा मागे बसला, तर तोच चौकीदार मागून रेटा देतो आणि जनुक चालू. म्हणजे त्याचा स्वभाव वगैरे काही नाही, खुर्ची कुठे टाकली आहे एवढाच प्रश्न. सरकारी कार्यालयात काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

भविष्यवालीचा प्रोग्राम डीएनएची नुसती अक्षरं वाचून सांगायचा, की चौकीदार अमुक जनुकापाशी बसेल आणि ते चालू करील किंवा बंद करील. खरं-खोटं करणं मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई सव्वीस वर्षं प्लेटांवर जीवाणू वाढवत होत्या आणि संगणकाकडे, घरात शिरलेल्या घरजावयाकडे बघावं तसं बघत. जनुकाच्या तोंडाला हिरवा उजेड देणारा तुकडा जोडायचा, आत चौकीदार सोडायचा, आणि सकाळी प्लेट उजळली की जनुक चालू. यात मतभेदाला जागा नसे, म्हणून बाईंना ते आवडे.

पहिल्या परीक्षेला वीस जनुकं होती. अकरा भाकितं बरोबर आली.

"नाणं उडवलं असतं तरी दहा आली असती," मोठ्या बाई म्हणाल्या. "वरचं एक तुझ्या शिक्षणाचं."

विभागप्रमुखांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं; ते फक्त "बघू" म्हणत, आणि त्यांच्या "बघू"मध्ये आजवर तीन प्रकल्प गाडले गेले होते. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, की येत्या महिन्यात उणे ऐंशी अंशांचा नवा फ्रीजर येतोय, त्याच्या रुंदीचं दार फक्त तिच्या खोलीला आहे, आणि भाकितांचं पुढे काय करायचं ते बघू. तिला तूर्त ग्रंथालयात बसता येईल. तिथे यादी अद्ययावत करायची आहे. कसली यादी, हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. सहा वर्षांचा प्रोग्राम बंद पडणार आणि त्याच्या जागी एक कपाट थंडगार उभं राहणार, एवढं मात्र तिला समजलं.

त्या रविवारी सकाळी तिच्या घरात बेसिनखालचा पाइप फुटला. ती खाली बसून फुटक्या जागेवर फडकं दाबून धरत होती आणि नवरा फोनवर प्लंबरला पत्ता सांगत होता. नवरा भूगोल शिकवत असे, त्यामुळे पत्ता सांगण्याच्या बाबतीत त्याला स्वतःबद्दल फार खात्री होती. बेकरीच्या लगेच पुढे, तो चौथ्यांदा म्हणाला. प्लंबर चौथ्यांदा बेकरीच्या पुढे गेला आणि चौथ्यांदा एका न्हाव्याच्या दुकानात शिरला. तिथला पाइप उत्तम स्थितीत होता. नवऱ्याचा आवाज चढला. तो म्हणाला की मराठीत पुढे म्हणजे पुढे, यात न समजण्यासारखं काय आहे. मग प्लंबरचा आवाजही चढला, इतका की बेसिनखाली ऐकू आला.

"अहो साहेब, तुम्ही चौकातून येता म्हणून तुमचं घर बेकरीच्या पुढे. मी शाळेकडून येतोय. माझ्यासाठी ते अलीकडेच राहतं. आधी समोरचा कुठून येतोय ते विचारावं ना माणसानं."

भविष्यवालीने फडकं सोडलं. पाणी नवऱ्याच्या पायांपर्यंत पोचलं तेव्हा ती लॅपटॉप उघडून बसलेली होती. "अगं, पाइप," नवरा म्हणाला. "माझी आठ जनुकं शाळेकडून येतात," ती म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात अशी वाक्यं त्याने पूर्वीही ऐकली होती. तो निमूटपणे खाली वाकून फडकं दाबत बसला.

डीएनएला दोन धागे असतात. काही जनुकं डावीकडून उजवीकडे वाचली जातात, तर दुसऱ्या धाग्यावरची उजवीकडून डावीकडे. तिचा प्रोग्राम मात्र सरसकट डावीकडे ते मागे आणि उजवीकडे ते पुढे असं धरून चालला होता. उलट्या वाचल्या जाणाऱ्या जनुकांत तो अडवणाऱ्या चौकीदाराला रेटा देणारा म्हणत होता आणि रेटा देणाऱ्याला अडवणारा. वीसमध्ये उलटी जनुकं आठ. आठही चुकलेली. तिने एक ओळ बदलली. वीसपैकी एकोणीस.

सोमवारी हे ऐकून मोठ्या बाईंनी चष्मा काढला. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका दुरुस्त करणारे विद्यार्थी आपण बरेच पाहिलेत, असं त्या म्हणाल्या, आणि तिला पटलंही. म्हणून तिने नवी दहा जनुकं मागितली, हिरव्या उजेडाने अजून कुणीच न तपासलेली. भाकितं आधी लिहून, लिफाफा चिकटवून विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवायची. आठ बरोबर आली तर खोली तिची. कमी आली तर ती स्वतः फ्रीजरला दार उघडून देईल. विभागप्रमुख "बघू" म्हणणारच होते, पण मोठ्या बाई आधीच "ठरलं" म्हणून मोकळ्या झाल्या.

तिने सोडत काढली. दहावं जनुक निघालं ते नेमकं मोठ्या बाईंचं. त्यावर बाईंचा तरुणपणीचा शोधनिबंध होता, तो अजून सगळीकडे उद्धृत होई, आणि त्यात छापलं होतं की चौकीदार ते बंद करतो. प्रोग्राम म्हणत होता, चालू करतो. नवरा म्हणाला, ते वगळ, दुसरी चिठ्ठी काढ, कुणाला कळतंय. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून भांडी लावू लागला. भाकितात "चालू" असं लिहून तिने लिफाफा चिकटवला.

आठवड्याने, मंगळवारी सकाळी, फ्रीजर दारात येऊन उभा राहिला आणि त्याच वेळी मोठ्या बाईंनी प्लेटा उबेत ठेवायचा इन्क्युबेटर उघडला. फ्रीजरबरोबरची चार माणसं, इथे ठेवायचा की तिथे, असं विचारत होती. विभागप्रमुखांनी लिफाफा फोडला आणि एकेक भाकीत वाचायला घेतलं; बाई अंधाऱ्या पेटीत एकेक प्लेट धरून निकाल सांगू लागल्या. पहिली सहा बरोबर. सातव्या प्लेटवर उजेडही नाही आणि अंधारही नाही, काहीतरी मधलंच. बाईंनी ते "चूक" म्हणून मोजलं आणि भविष्यवालीने मान हलवली. आठवं बरोबर. नववं बरोबर. झाली आठ. विभागप्रमुख लिफाफ्याची घडी करू लागले.

"दहावं राहिलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

प्लेट पेटीत गेली आणि कडेपासून कडेपर्यंत हिरवीगार उजळली. बाईंनी शेजारची दुसरी प्लेट घातली, मग तिसरी. प्रयोग कुणी मोडीत काढू नये म्हणून त्यांनी दहावं मुद्दाम तीन प्लेटांवर केलं होतं. तिन्ही उजळल्या. मग त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांना हसू आलं, आधी थोडं, मग थांबेना.

त्यांनी सांगितलं की ते जनुक त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. दुसऱ्या एका जीवाणूत तसलंच जनुक बंद होतं, म्हणून निबंधात लिहिलं होतं, की इथेही बहुधा बंद होत असावं. पुढच्याने उद्धृत करताना "बहुधा" गाळलं, त्याच्या पुढच्याने "असावं" गाळलं, आणि नवव्या वर्षी त्या स्वतःच वर्गात ते ठामपणे शिकवू लागल्या.

भविष्यवालीने खुर्ची पुढे केली. मोठ्या बाईंनी विभागप्रमुखांना विचारलं की ही माणसं केव्हाची ताटकळलीत, त्यांना जागा दाखवणार की नाही. ते म्हणाले, बघू. बाई म्हणाल्या, बघायचं काय त्यात, बैठकीच्या खोलीचं दार काढून ठेवा. तिथे तसंही काही ठरत नाही. माणसांनी फ्रीजर उचलला आणि विभागप्रमुख वाट दाखवत त्यांच्यापुढे निघाले.

मग बाई भविष्यवालीच्या खोलीत आल्या, प्रथमच, आणि स्क्रीनसमोर ऐसपैस बसल्या. खिशातून चष्मा काढून त्यांनी अंगातल्या कोटाला पुसला.

"माझे एकूण सतरा निबंध आहेत," त्या म्हणाल्या. "त्यात 'बहुधा' किती ठिकाणी होतं ते मला आता आठवत नाही. बस इथे, एकेक काढू. दुपारपर्यंत मला निदान चाळीस जनुकं हवीत."