पाउलाची खुर्ची

लंडनच्या इल्फर्ड भागात पंचवीस वर्षं वकिली करून मी एक गोष्ट शिकलो होतो: अशिलाला दुसरा प्रश्न विचारायचा नाही. पहिल्या प्रश्नाला वाइमोआना म्हणाले होते, "सही माझी असल्याचं आठवत नाही." मी तसं लिहून घेतलं आणि चहा मागवला.

वाइमोआना पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांचे सरदार. हे नावही त्यांचं स्वतःचं नाही, गादीचं. तिथले सरदार आपल्यातल्याच काही जणांना संसदेत निवडून देतात. हे चार वेळा गेले, दोनदा मंत्री झाले. मग त्यांच्या पत्रावर जकात न भरता सुटलेल्या एका कंटेनरमध्ये चोरून आणलेल्या सिगारेटी निघाल्या. खटला उभा राहिला तेव्हा हे इल्फर्डला लेकीकडे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. विमानप्रवासाला डॉक्टरांची मनाई, म्हणून हजेरी व्हिडिओवरून, माझ्या ऑफिसातून. दोषी ठरले तर संसद जाणार आणि गादीही. बचाव सरळ होता: सही त्यांची नाही, त्यांचा कारभारी पाउला याने परस्पर केली. पाउला ते कबूल करायला तयार होता. इतका तयार, की मला शंका यायला हवी होती. पण मी दमलो होतो, आणि दमलेल्या वकिलाला तयार साक्षीदार फार आवडतो.

जूनमधली संध्याकाळ, नऊ वाजले तरी बाहेर उजेड. टोंगाच्या कोर्टात सकाळचे नऊ, तारीख मात्र उद्याची. वाइमोआना कमरेभोवती विणलेली चटई गुंडाळून खुर्चीत बसले. कोर्टापुढे जायचं तर त्यांच्याकडे ती लागतेच. माझी ज्युनिअर चैत्राली लॅपटॉप लावत होती.

"सर, विटनेस दिसतच नाहीये. चेअर एम्प्टी आहे."

पाउला जमिनीवर बसला होता. सरदार खुर्चीत, म्हणजे त्याने खाली बसायचं. दहा हजार मैलांवरून पडद्यावर दिसणारा सरदार झाला तरी सरदारच. न्यायाधीशांनी दोनदा सांगितलं, पाउला हलेना.

"सर, सीरियसली? स्क्रीनवर काय फरक पडतो?" चैत्राली हसू दाबत म्हणाली.

मला हसू आलं नाही. पाटील नुसते वाटेने जाताना दिसले तरी माझे आजोबा स्वतःच्या ओट्यावरून खाली उतरत.

शेवटी वाइमोआनाच उठले. टेबल धरून, मध्ये एकदा थांबून. "मी उभा राहतो," ते मला म्हणाले. "मग तो खुर्चीत बसला तरी माझ्यापेक्षा खालीच." चैत्रालीने दोन जाड फायली घालून लॅपटॉप उंच केला, आणि पाउला खुर्चीत येऊन बसला. वाळून गेलेला म्हातारा.

साक्ष सुरू झाली. दुभाषा वाक्यावाक्याला थांबत होता. पत्र मीच लिहिलं. सही मीच केली. सरदारांना काही माहीत नव्हतं. शिक्षा मला द्या. सगळं आम्हाला हवं तसं चाललं होतं. वाइमोआनांचे पाय लटपटायला लागले तशी मी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी ती हाताने मागे लोटली. नजर पडद्यावरून हटत नव्हती.

"याचे दात पडलेत," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"चाळीस वर्षं माझ्यासमोर मान खाली घालून बसला. त्याची टाळू मला पाठ आहे. चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता."

पुढे काय येणार ते मला कळलं. मी त्यांची बाही धरली. "दहाच मिनिटं थांबा," मी पुटपुटलो. आज त्याची लाज वाटते, पण धरली.

"सही माझी आहे," ते कोर्टाला म्हणाले. "ज्याचा कंटेनर होता, तो माणूस माझ्या गावचा. डुक्कर आणि चटया घेऊन गुडघ्यांवर आला होता. अशा माणसाला आम्ही नाही म्हणत नाही. मी न वाचता सही केली. पाउला खोटं बोलतोय, कारण मी त्याला तसं सांगितलं."

माझं आठ महिन्यांचं काम पाण्यात गेलं. चैत्राली माझ्याकडे बघत होती. मी कुणाकडेच बघत नव्हतो.

मग ते त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. दुभाष्याने सवयीने सांगून टाकलं, "आता मी बसू का, असं विचारतायत."

"अवश्य," न्यायाधीश म्हणाले.

वाइमोआना बसले नाहीत. त्यांनी न्यायाधीशांना विचारलंच नव्हतं. पाउला तोंडावर हात धरून रडत होता. बऱ्याच वेळाने त्याने होकारार्थी मान हलवली.

तेव्हा ते बसले. पाउला खुर्चीतून उठला नाही.