लेक बसच्या टपावर

मी शाहीन ससाणी बोलतेय. मान वर करा, अजून वर. उकवा गावाजवळच्या बंद पडलेल्या जुन्या खाणीचा कडा दिसतोय ना? तिथे काळ्या डोक्याची, तांबूस पोटाची बसलीय ती मी. मला घार म्हणू नका, राग येतो. घार उकिरडे धुंडाळते. मी उडता पक्षी उडतानाच धरते. उंच चढायचं, पंख मिटायचे आणि दगडासारखं खाली यायचं. कबुतराला कळेपर्यंत त्याचा कारभार आटोपलेला असतो. या आभाळात माझ्याइतकं वेगवान कुणी नाही. फुशारकी वाटली तर वाटू दे.

घरटं बांधायची कटकट मी केलीच नाही. कपारीतल्या मातीवर अंडी घातली. नवरा माझ्याहून लहानखुरा, पण कष्टाळू. तो पोपट मारून आणायचा आणि मी उडत उडतच त्याच्या पायांतून तो घ्यायची. उन्हाळा लागला तसे दोन्ही मुलगे उडून मोकळे झाले. लेक मात्र कपारीच्या काठावर बसून नुसते पंख झटकायची.

खाली रस्त्यावर बैहरला जाणारी बस थांबते. तिची मी फार थट्टा करायचे. दर झाडाखाली थांबते, धापा टाकते, तिला काय गाडी म्हणायचं!

एका सकाळी लेकीने उडी घेतली आणि थेट त्याच बसच्या टपावर उतरली. पोत्यांवरच्या दोरीत तिचा पाय अडकला. तेवढ्यात बस सुटली.

मी ओरडत मागे लागले. कितीदा झेप घेतली! पण माझी नखं धरायला बनलेली, सोडवायला नाहीत. सगळा वेग कुचकामी ठरला. लेक किंचाळत होती आणि मी भीतीने अर्धमेली झाले होते.

बैहरच्या स्टँडवर गर्दी जमली. "चील है, मारो!" कुणीतरी ओरडलं. टपावर एका टोपलीत कोंबडी होती. तिची मालकीण रुख्माबाई, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली. ती कंडक्टरला म्हणाली, "डोमाजी, काठी घे! माह्या कोंबडीवर डोळा हाय तिचा!"

कोंबडी! जमिनीवर उकरत फिरणारी! एरवी हा अपमान मी गिळला नसता. पण डोमाजी काठी घेऊन शिडी चढत होता.

वर पोचल्यावर त्याने काठी बाजूला ठेवली. "अवो मावशी, हे तं पिल्लू हाय. पाय अटकला याचा. याची मायच वर चिल्लाऊन राह्यली."

रुख्माबाईने कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "उकव्यापासून आली काय मांगं मांगं?"

"हौ, पूरा रस्ता."

तिने कोंबडीची टोपली खाली उतरवून घेतली. "इथं नोको सोडू, कुत्रे खातीन. वापस ने पोरीले." तिने कोंबडी काखेत मारली आणि टोपली त्याला देऊन टाकली. पोरगी आहे हे तिने कसं ओळखलं, देव जाणे.

डोमाजीने गमछा टाकून लेकीला धरलं, दोरी कापली, टोपलीत ठेवलं. परतीची बस रमतगमत निघाली. आता मीच वरून मनात म्हणत होते, बाई गं, अजून सावकाश जा, धक्का लागू देऊ नकोस. कड्याखालच्या उंच दगडावर डोमाजीने टोपली उघडली. "उतरा बाई, उकवा आलं!"

पावसाळ्याआधी रुख्माबाई त्याच बसने घरी निघाली. कड्याखाली बस थांबताच खिडकीतून डोकं काढून ओरडली, "काव बाई, उडते काय तुही पोरगी?"

मला कुठलं बोलता येतंय! पण त्याच वेळी माझ्याही वरून लेकीने पंख मिटले. सूंऽऽ करत ती खिडकीसमोरून गेली आणि पोपट घेऊन वर आली. रुख्माबाई टाळ्या वाजवत हसली, "उडते व माय, उडते!"

म्हणून विनवते, आमच्यातलं कुणी दिसलं तर काठी शोधण्याआधी एवढंच विचारा, पोरगी बरी आहे ना? बोलता येत नसलं तरी उत्तर आम्ही देऊ.