बाटलीतला बुडबुडा

कारखान्याच्या भिंतीला लागून दादाच्या बहिणीचं घर, आणि तिच्या परसाच्या टोकाला त्यानं बसवलेली, कारखान्याचं रसायन जमिनीत झिरपतं का ते तपासायची बोअर. जाळीचा पाइप, भोवती वाळू, वर मातीचं बूच, लोखंडी टोपण. कामाला नाव ठेवायला जागा नाही. खोट होती ती माणसात.

दर तीन महिन्यांनी तो यायचा, साचलेलं पाणी उपसून टाकायचा आणि ताज्या पाण्याची छोटी बाटली भरायचा. ती काठोकाठ भरायची असते. बोटभर हवा राहिली की पाण्यात झिरपलेलं रसायन तिच्यात उडून जातं आणि रिपोर्ट गोड येतो. कारखान्याच्या साहेबांना गोड रिपोर्ट हवा होता, दादाला साहेबांची मर्जी. म्हणून बुडबुडा राहायचा.

बहिणीला सातवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती.

"दादा, डॉक्टर पाण्याचं विचारत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझा भाऊच तपासतो. पुढच्या दारच्या आमच्या बोअरचं पिऊ ना रे?"

"पी की, ठके." असं म्हणून हा पठ्ठ्या घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायला. कामावर दुसऱ्याचं पाणी घ्यायचा नियम नाही, असं त्यानं तिला केव्हाच पटवून ठेवलं होतं.

तो पंप गाडीत ठेवायला गेला, तेवढ्यात तिला ओट्यावरच्या बाटलीत बुडबुडा दिसला. काठोकाठ भरायची, हे त्यानंच एकदा फुशारकीनं सांगितलं होतं. बिचाऱ्याची नजर चुकली, उगाच बोलणी खाईल, म्हणून तिनं भांड्यातलं घरचं पाणी वर ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. वेडी माया, दुसरं काय.

रिपोर्ट आला मर्यादेच्या चौपट. साहेबांनी कागद त्याच्यासमोर आपटला. दादानं बहिणीला फोन केला, आणि तिनं भाबडेपणानं सगळं सांगून टाकलं. आकडा इतका चढला म्हणजे विष तिच्या घरच्या पाण्यातच जास्त होतं. तिला तिथल्या तिथे सांगता आलं असतं.

त्यानं सांगितलं नाही. 'बहिणीने अस्वच्छ भांड्यातले पाणी मिसळले, नमुना बाद धरावा,' असं लिहून त्यानं खाली सही ठोकली. वर तारीखही टाकली मेल्यानं.

नवा नमुना घ्यायला गेला तेव्हा ती रडवेली झाली होती. "माझ्यामुळे तुझी नाचक्की झाली रे. ते भांडं मी फेकूनच दिलं." नवं भांडं ओट्यावर चकचकत होतं. "आता पाणी चांगलं ना?"

"चांगलंय."

"डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलंय," म्हणत तिनं उभ्याउभ्याच ग्लास रिकामा केला आणि दुसरा भरला. दादा परसात गेला. या वेळी त्यानं बुडबुडा जरा मोठा ठेवला, आणि बाटली तिच्या हाती लागू नये म्हणून खिशात घालूनच घरात आला.