कमलाच्या पानावरचे सोडे

पद्माकर ताम्हाण्यांनी आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं तोंड न उघडता सांगितलं. बडोद्याच्या गोत्री भागातल्या नव्या इमारतीच्या ऑफिसात ते मुलाच्या शेजारी बसले होते. फ्लॅट पसंत पडला होता, अभिजितच्या नव्या मारुतीला खाली पार्किंगही होतं, फक्त सोसायटीचा होकार यायचा होता. चेअरमन रजनीभाईंनी चहाचा कप पुढे सरकवत अगदी प्रेमाने विचारलं, "तमे तो दक्षिणी, एटले ब्राह्मण ज ने? आपणी सोसायटीमां बधा शुद्ध शाकाहारी छे."

बडोद्यात मराठी माणसाला दक्षिणी म्हणतात, आणि दक्षिणी म्हणजे ब्राह्मण असं पुष्कळ लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलेलं असतं. अभिजित हसून म्हणाला, "हा हा, एकदम प्युअर." आणि पद्माकर, पिढ्यान्‌पिढ्यांचे कायस्थ, ज्यांच्या घरी बुधवारी आणि रविवारी मासळी शिजली नाही तर शेजारी येऊन 'कोणी आजारी आहे का' विचारत, ते चष्मा काढून पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता. पण माणसाला गप्प बसायचं असलं की हाताला काहीतरी काम लागतं.

झालं, घर मिळालं.

जुन्या शहरातल्या घडियाळी पोळातल्या भाड्याच्या खोल्या सोडताना त्यांच्या बायकोने, कमलाने, मासळीची कढई, सोड्यांची म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची बरणी आणि खास पाटा बोहारणीला देऊन टाकला. "तिकडे कशाला लागणार," एवढंच ती म्हणाली. पद्माकरांना ते टोचलं, पण त्यांनी मनाची समजूत काढली. मुलगा खाजगी कंपनीत, सकाळी आठला जातो, रात्री थकून येतो. त्याला लिफ्ट हवी, गाडीला जागा हवी, तान्ह्या मुलीला पुढे इंग्रजी शाळेची रिक्षा दारात हवी. आपले आजोबा संस्थानात सुभे, म्हणजे जिल्ह्याचे मोठे अधिकारी होते, हे आता सांगून कोण जागा देतंय? काळ बदलला की माणसाने थोडं बदलावं. कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला स्वतःशी युक्तिवाद करणं जड जात नाही.

सुरुवातीला ते रविवारी जुन्या पोळात जयवंतरावांकडे जात. जयवंतराव त्यांचे बालमित्र, जातीचेच. तिथे पोटभर जेवायचं, मग मूठभर बडीशेप चावायची, हात लिंबाने धुवायचे आणि इमारतीत शिरताना लिफ्टमध्ये कोणी असलं तर जिन्याने चढायचं. पासष्टी गाठलेला प्राध्यापक स्वतःच्या घरी दारू पिऊन आलेल्या पोरासारखा श्वास रोखून शिरायचा. पुढे जयवंतराव मुलाकडे पुण्याला गेले आणि तीही सोय संपली.

घरात सगळे हळूहळू सरावले. सून मृदुला ठाण्याची, माहेरी तीन-तीन प्रकारची मासळी खाऊन वाढलेली. ती एकदा चारचौघींत म्हणाली, "मला तर बाई वाससुद्धा सहन होत नाही." पद्माकरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती, हेच त्यांना जास्त लागलं. नात ईशानीला तर काही ठाऊकच नव्हतं. शेजारच्या मैत्रिणीबरोबर ती रविवारी जैन पाठशाळेत जायची आणि घरी येऊन आजोबांना शिकवायची, "आजोबा, माशांनापण मम्मी असते. त्यांना खाणारे राक्षस असतात ने?"

"हो ने," पद्माकर म्हणायचे.

मग कमला आजारी पडली. शेवटच्या महिन्यात तिची अन्नावरची वासनाच गेली. एका दुपारी मात्र तिने डोळे उघडून नवऱ्याला जवळ बोलावलं आणि लहान पोरीसारखं म्हणाली, "अहो, एकदा सोड्यांची खिचडी खावीशी वाटते हो. घासभर फक्त." पद्माकर अभिजितशी बोलले. अभिजितने कपाळाला हात लावला. "बाबा, सोडे? ताजी मासळी तरी एक वेळ लपेल. सोड्यांचा वास तीन मजले जातो. रजनीभाईंच्या आईचा उपवास चाललाय वर. जरा समजा ना. आईला बरं वाटलं की आपण तिला ठाण्याला घेऊन जाऊ." कमलाला मुगाची खिचडी दिली. तिने दोन घास खाल्ले, छान झालीय म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात गेली.

तो मुगाच्या खिचडीचा वाडगा पद्माकरांच्या डोळ्यांसमोरून हलेना. स्वतःच्या बायकोला तिच्या घरात तिच्या आवडीचा शेवटचा घास मिळू नये, आणि आपण चष्मा पुसत बसावं! त्यांना स्वतःची शिसारी यायची.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मृदुलाचे वडील, दत्ताजीराव, ठाण्याहून आले. पोळात असताना दरवर्षी ते कमलासाठी सोडे आणायचे. या खेपेला पुन्हा पिशवीच्या तळाशी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली पुडी होती. "जुन्या सवयीने घेतली गेली हो," ते ओशाळून म्हणाले. मृदुलाने घाईघाईने ती पुडी बाहेर टाकायला काढली. पद्माकरांनी तिच्या हातून घेतली आणि आपल्या कपाटात ठेवली.

त्यांचं ठरलं होतं. पितृपक्षातली अविधवा नवमी, नवऱ्यामागे न राहता सवाष्ण गेलेल्या बायकांची तिथी. ताम्हाण्यांच्या घरात त्या दिवशी गेलेल्या बाईच्या आवडीचं पान वाढायचा रिवाज. गुरुजींकडून वर्षश्राद्ध साग्रसंगीत झालं होतं, खीर-वडे सगळं झालं होतं. पण हे पान घरचं. आणि ते चोरून वाढायचं नाही. चोरून वाढलेलं पान कमलाच्या घशाखाली उतरायचं नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. कोणी विचारलं तर काय बोलायचं, तेही त्यांनी गुजरातीत जुळवून ठेवलं. व्याख्यानाची तयारी करावी तसं.

नवमी बुधवारी आली. कमलाचा मासळीचा वार. अभिजित कंपनीत, मृदुला शिकवायला आणि ईशानी शिकायला आपापल्या शाळेत. पद्माकरांनी आंघोळ केली, धूतवस्त्र नेसले आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघडल्या. सोडे कोमट पाण्यात भिजवले, निवडून तुकडे केले. तेलात लसूण टाकला, कांदा परतला, सोडे टाकले. आणि तो वास उठला.

खरंच उठला. त्यांचे डोळे भरून आले. त्या वासाबरोबर पोळातली दुपार आली, पदराने कपाळ पुसत 'पानं घ्या' म्हणून ओरडणारी कमला आली. कितीतरी वर्षांनी हे घर त्यांना आपलं वाटलं. तांदूळ धुवून टाकले, वर ओलं खोबरं पेरलं. कमलाच्या फोटोपुढे पाट मांडला, पान वाढलं आणि हात जोडून ते म्हणाले, "उशीर झाला गं. जेव."

बेल वाजली ती त्याच वेळी.

दारात रजनीभाई होते, मागे खालच्या मजल्यावरच्या दोघी बायका नाकाला पदर लावून. रजनीभाईंचा चेहरा रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. "काका, आ शेनी वास आवे छे? मारां बा ने उलटी थई."

त्यांच्या आईचं ऐकून पद्माकरांना वाईट वाटलं. म्हातारी चांगली होती, कमलाच्या आजारपणात रोज खाली येऊन बसायची. पण आज मागे सरायचं नाही. त्यांनी जुळवून ठेवलेलं वाक्य स्वच्छ आवाजात म्हटलं. "बा नी माफी मागुं छुं. आ सूका झिंगा छे. आजे मारी पत्नीनुं श्राद्ध छे. अमे माछली खाईए छीए, रजनीभाई. पहेलेथी."

बोलून टाकलं! छातीवरचा धोंडा उतरला. आता काय व्हायचं ते होवो. भांडण होईल, कमिटी बसेल, घर सोडावं लागेल. सोडू.

रजनीभाईंनी वळून त्या दोघींकडे पाहिलं. कोणीतरी आधीच फोन केला असावा, कारण तेवढ्यात लिफ्टचं दार उघडून अभिजित आला, टाय सैल, चेहरा पांढराफटक. त्याच्याबरोबर खालून रिक्षातून उतरलेली ईशानीही आली. दारातच तिने नाक दाबलं आणि भोकाड पसरलं, "पप्पा, घरात काय मेलंय?"

रजनीभाईंनी एकदा पद्माकरांच्या धूतवस्त्राकडे पाहिलं, एकदा पाटावरच्या पानाकडे, मग अभिजितला बाजूला घेतलं. त्यांना खरंच काळजी वाटत होती. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "अभिजितभाई, काकानी तबियत तो बराबर छे ने?"

बुडत्या माणसाला दोर दिसावा तसं अभिजितच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. पद्माकरांनी ते पाहिलं. मनात ते म्हणाले, नको रे, हे नको.

"आई गेल्यापासून असंच चाललंय," अभिजित गुजरातीत म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "विसरतात. कुठून काय आणतात, काय शिजवतात, आपण कोण तेच कळत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती."

दोघी बायकांच्या नाकावरचे पदर खाली आले. "अरे रे," एक जण म्हणाली. सगळ्यांच्या नजरा एकदम मऊ झाल्या. पद्माकरांना त्या मऊपणाचीच भीती वाटली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

रजनीभाई पुढे आले. त्यांनी पद्माकरांचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला विचारावं तसं, एकेक शब्द तोडून विचारलं, "काका, आजे कयो वार छे?"

एका शब्दाचं काम होतं. वार, तिथी, नक्षत्र, विचारलं असतं तर त्यांनी मागच्या वर्षीच्या नवमीचा वारही सांगितला असता. सगळं नाटक तिथल्या तिथे पडलं असतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. अभिजित त्यांच्याकडे बघत नव्हता. तो ईशानीच्या दप्तराचा पट्टा नीट करत होता, नीट असलेला पट्टा पुन्हा पुन्हा. ती खोड कुठून आली, हे पद्माकरांना कोणी सांगायला नको होतं. ईशानी हुंदके देत आजोबांकडे बघत होती. आजोबा राक्षस की आजारी, एवढंच तिला कळायचं होतं.

"सोमवार," पद्माकर म्हणाले.

मृदुला आली तेव्हा पातेलं धुऊन झालं होतं, पानावरची खिचडी अभिजितने वर्तमानपत्रात गुंडाळून दूर कुठेतरी टाकून दिली होती आणि घरभर उदबत्त्या लावल्या होत्या. सगळं ऐकून ती सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली, आणि आत जाऊन तिने मुगाची डाळ भिजत घातली. अभिजित म्हणाला, "बाबा, तात्पुरतं आहे हो. लोक विसरतील."

लोक विसरले नाहीत. लोक फार चांगले निघाले. रजनीभाईंच्या आईने उलटीबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट ब्राह्मीचं तेल पाठवलं. वॉचमनला सांगून ठेवलं गेलं की काकांना एकट्याने फाटकाबाहेर सोडायचं नाही. लिफ्टमध्ये माणसं त्यांच्या कानाशी मोठ्याने जेवणाची चौकशी करू लागली, "काका, जमी लीधुं?" कमिटीच्या हिशेबात गेल्या वर्षी त्यांनी चूक काढून दिली होती. आता त्यांच्यासमोर हिशेबाचं कोणी बोलेना. आणि त्यांनाही सांभाळून राहावं लागे. वर्तमानपत्र खाली बाकावर वाचताना कोणी आलं तर ते उलटं धरायचे. ती युक्ती त्यांची त्यांनीच शोधली होती, आणि पहिल्यांदा केली त्या दिवशी ते घरी येऊन खूप वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

ईशानीला रजनीभाईंनी काम नेमून दिलं होतं. रोज शाळेतून आल्यावर आजोबांना वार विचारायचा, म्हणजे डोकं चालतं राहतं. ती ते इमानाने करायची. पद्माकर कधी बरोबर सांगायचे, कधी चूक. फार बरोबर सांगून चालत नसे.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी दोघंच घरात होती. ईशानी बाल्कनीत त्यांच्याजवळ येऊन बसली. "आजोबा, आज कुठला वार?"

"बुधवार."

"बरोबर!" तिने टाळ्या वाजवल्या. "आज तुम्ही बरे आहात."

पद्माकरांना राहवलं नाही. या एका जिवाला तरी खरं कळावं, असं त्यांना आतून उचंबळून आलं. त्यांनी तिचा हात धरला. "ईशू, ऐक. बुधवारी तुझी आजी मासळी करायची. सोड्यांची खिचडी तिच्यासारखी कोणाला जमायची नाही. आपण सगळे खायचो. तुझे पप्पा तर पातेलं खरवडून खायचे. आपण मासे खाणारी माणसं आहोत गं. त्यात वाईट काही नाही."

ईशानीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किळस नव्हती. रजनीभाईंसारखीच ती जवळ सरकली आणि त्यांच्या हातावर थोपटायला लागली.

"नाही आजोबा," ती एकेक शब्द तोडून म्हणाली, "आपण नाही खात. तुम्ही विसरलात."

"हो का," पद्माकर म्हणाले. "विसरलो असेन."