नसलेल्या बोटांचा रकाना

तुटलेला हात तीन वर्षांत पुन्हा उगवतो, असे आपण कधी ऐकले आहे काय? मी तरी ऐकलेले नाही. तरीही दर तीन वर्षांनी हाच प्रश्न विचारण्यासाठी माझा जन्म झाला. मी अपंगत्व भत्त्याच्या पुनर्तपासणीचा अर्ज बोलतो आहे. पाने चौदा, रकाने एकशे बारा. शहाणपण मात्र एका ओळीचेही नाही.

माझा मजकूर कुणा धडधाकट विद्वानाने पंख्याखाली बसून रचला. मी छापला गेलो तो एका जुन्या छापखान्यात. शाई वाळल्यावर कडा सारख्या करण्यासाठी मला कटिंग मशीनवर ठेवले. पोलादी पाते वरून उतरले तेव्हा तेथील कामगार सोबत्याला म्हणाला, "हात सांभाळ रे. कागदमामांचा याच पात्यानं घेतला." हे मामा कोण, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. पाचशे भावंडांसह गठ्ठ्यात बांधला जाऊन मी कचेरीच्या कपाटात पडलो.

पुढे एके दिवशी मला पाकिटात घालून टपालाने धाडले. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरापुढे टपालवाल्याने हाक दिली, "कागदमामा, कचेरीचं पत्र!" आणि ज्याची ख्याती मी जन्मतःच ऐकली होती, तो गृहस्थ दारात आला. त्याचा उजवा हात कोपराखाली चार इंचांवर संपला होता. पाकीट त्याने डाव्या हाताने व दातांनी फोडले.

"आला वाटतं पाहुणा," आतून मामी म्हणाल्या. त्या तयार कपड्यांच्या कारखान्यातून सदरे आणून घरी गुंड्या लावत. त्या गुंड्या आणि हा भत्ता, एवढ्यावर घर उभे होते. महिनाअखेरपर्यंत मी भरून परत गेलो नाही तर भत्ता बंद, असे माझ्या पहिल्याच पानावर ठळक छापले आहे. विनवणीची अक्षरे माझ्यात बारीक आहेत, धमकीची जाड.

'अर्ज अर्जदाराने स्वहस्ते भरावा' ही माझी पहिली सूचना. मामांनी ती वाचली आणि नऊ वर्षांत शिकलेल्या डाव्या हाताने लेखणी धरली. मला भरायला त्यांना चार दुपारी लागल्या. मामी समोर बसून गुंड्या लावत आणि रकाने वाचून दाखवत.

"बाधित अवयवाची सद्यःस्थिती."

मामांनी लिहिले, 'नाही.'

"अहो, नुसतं 'नाही'? चार ओळी सोडल्यात त्यांनी."

"हातच नाही, तर ओळी कशानं भरू?"

"डाव्यानं. पुढं ऐका. अवयवात सुधारणा व्हावी म्हणून आपण काय प्रयत्न केले?" मामींनी दोरा दातांनी तोडला. "लिहा की, रोज सकाळी पाणी घालतो."

मामा खो खो हसले. पण लिहिले, 'कोणतेही नाही.' थट्टा जिभेवर ठेवावी, कागदावर नव्हे, असा त्यांचा नेम होता. सज्जनाचे हसणे आणि सज्जनाची सही यांत अंतर असते.

मग नववे पान आले. 'बाधित अवयवात वेदना होतात काय?' मामा थांबले. थंडीत त्यांची उजवी बोटे दुखत. जी नाहीत तीच. अंगठा तर असा ठसठसे, की ते झोपेतून उठून त्याला चोळायला जात आणि हाती हवा लागे. असे पुष्कळांना होते, हे त्यांना दवाखान्यात सांगितले होते.

"हे लिहू नका," मामी गंभीर झाल्या. "बोटं दुखतात म्हटलं, तर म्हणतील बोटं आहेत."

"असं कोण म्हणेल गं? हात काही सुई नव्हे, गवतात हरवायला. आणि मी देवाला साक्षी ठेवून खाली सही करणार. दुखतंय ते दुखतंय."

त्यांनी लिहिले, 'होय. उजव्या हाताची बोटे थंडीत फार दुखतात.' देवाला साक्षी ठेवणारा मनुष्य कचेरीला कधीकधी फारच सोपा सापडतो.

मामा मला घेऊन कचेरीत गेले, तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने मला उलटेपालटे केले. "मामा, 'काही बदल नाही' असं सगळीकडे लिहू नये हो. वरचे म्हणतात, गेल्या वेळचाच अर्ज उतरवून काढलाय."

"गेल्या वेळचाच हात आहे," मामा म्हणाले.

कारकून ओशाळला आणि मजवर शिक्का मारला. तो वाईट नव्हता. शिक्का मारताना मान खाली घालणारी माणसे बहुधा वाईट नसतात, उपयोगीही नसतात.

तेथून मी तपासनिसाकडे गेलो. घरोघर जाऊन अर्जदाराला प्रत्यक्ष पाहणे हे त्याचे काम. हा गृहस्थ मात्र उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी. टेबलाशी बसून त्याने नववे पान वाचले, डबा खाल्ला, हात पुसले आणि माझ्या पाठीवर लिहिले, 'प्रत्यक्ष घरी जाऊन पाहिले. अर्जदार उजव्या हाताची बोटे हलवू शकतो. सुधारणा समाधानकारक. भत्ता बंद करावा.' ती शाई मला पात्याहून जास्त लागली. हात दाखवून अवलक्षण, असे लोक म्हणतात. येथे हात नसताना ते झाले.

भत्ता थांबला. मामी दिव्याजवळ सरकून दुप्पट सदरे घेऊ लागल्या. घरमालकाने दोनदा चौकशी केली आणि तिसऱ्यांदा मुदत दिली. मामी एका शब्दाने 'मी सांगितलं होतं' असे म्हणाल्या नाहीत. मामांना तेच अधिक बोचे. शेवटी त्यांनी डाव्या हाताने अपील लिहिले आणि सुनावणीचा दिवस पडला.

मी फायलीत होतो. अपील समितीच्या अध्यक्षबाईंनी माझी पाठ मोठ्याने वाचली. मामा उठले, बाही वर केली आणि तो आखूड हात टेबलावर ठेवला.

"बाई, यांनी बोटं पाहिली म्हणतात. कुठं आहेत तेवढं सांगा. मी नऊ वर्षं शोधतोय."

कुणी हसले नाही. अध्यक्षबाई तपासनिसाकडे वळल्या. "तुम्ही यांच्या घरी गेला होतात?"

"मॅडम, कामाचा बोजा फार..."

"मी बोजा नाही विचारला."

मागून मामी बोलल्या, "दारी आलेल्याला मी पाणी दिल्याशिवाय सोडत नाही, बाई. यांना दिल्याचं आठवत नाही."

तपासनिसाच्या कपाटातून त्या वर्षीचे एकसष्ट अर्ज काढले गेले. प्रत्येकाच्या पाठीवर 'प्रत्यक्ष पाहिले'. एका तारखेला तर तो शहराच्या चार टोकांना नऊ घरी गेलेला होता.

मामांचा भत्ता त्याच दिवशी, मागील महिन्यांसह, पुन्हा सुरू झाला. तपासनिसाविषयी हुकूम निघाला तो असा: त्याने त्या एकसष्ट घरी जावे, आपला अहवाल घरच्या सर्वांसमोर वाचावा, प्रत्यक्ष दिसेल ते त्याखाली लिहावे, आणि हे पुरे झाल्यावर पेन्शनीचा हक्क न सांगता नोकरी सोडून जावे. हे न केल्यास प्रकरण न्यायालयात जाईल.

ईश्वर खोट्याला वेळ देतो, सूट देत नाही.

तपासनिसाच्या पिशवीत मी सर्वांत वर होतो, म्हणून पहिले घर मामांचेच. मामींनी पाणी दिले. तो अडखळू लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "सावकाश वाचा, साहेब. यांना ऐकू येत नाही असं अजून कुणी लिहिलेलं नाही." त्याने वाचले. मग मामांच्या हाताकडे त्याने पाहिले, प्रथमच, आणि खाली लिहिले, 'हात नाही. मी आलो नव्हतो.'

मग घरामागून घर. कुठे त्याला शिव्या मिळाल्या, कुठे खुर्ची. खुर्ची दिली तेथे त्याचा आवाज अधिक बसे. आठ घरांत ज्याच्याविषयी लिहिले होते तो मनुष्यच उरला नव्हता. हुकुमात अशा घरांसाठी सवलत नव्हती.

एकसष्टावे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दार एका म्हातारीने उघडले. मुलगा कमरेखाली लुळा होता. भत्ता थांबल्यावर औषध थांबले, आणि पाचव्या महिन्यात तो गेला. तपासनिसाने कागद काढला, पण वाचेना.

"वाच बाबा," ती म्हणाली. "एवढे जिने चढून आलास."

त्याने वाचले, "अर्जदार जिना स्वतः उतरतो."

म्हातारीने मान हलवली. "उतरला खरा. चौघांनी धरून."

त्याने भिंतीला कागद टेकवून 'मी आलो नव्हतो' असे एकसष्टाव्यांदा लिहिले. आणि दुसऱ्या दिवशी, सव्वीस वर्षांची नोकरी संपवून, पेन्शनीवाचून, तो कचेरीबाहेर पडला.